‘मुलाला एवढं सांगू नका’
(अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमातील व्याख्यानाचं शब्दांकन)



कार्यकारिणीनं मला विषय सुचवला होता ‘बदलतं पिंपरी-चिंचवड’. मेट्रो आली, वाकडला उंच इमारती उभ्या राहिल्या, चाकणच्या चौकात ट्रकांची रांग पूर्वीपेक्षा लांब झाली. हे सगळं खरं आहे, पण ते सांगायला माझी गरज नाही. इथून पुण्याला जाऊन आलेला कोणीही ते सांगेल, तेही चाकणच्या ट्रॅफिकच्या शिव्यांसकट. माझी सगळी नोकरी बँकेत झाली. आकुर्डी, भोसरी आणि शेवटी चाकण. कॅशच्या खिडकीपासून शाखाधिकाऱ्याच्या खुर्चीपर्यंत. निवृत्त झाल्यावर निगडी-प्राधिकरणात ज्येष्ठांना बँकेचे अर्ज भरून द्यायला बसू लागले. अर्ज म्हणजे हयातीचा दाखला, नॉमिनेशन, व्याजावर कर कापू नये म्हणून तेव्हा लागणारे पंधरा-जी, पंधरा-एच. गेल्या काही वर्षांत मात्र समोर येणारी माणसं वेगळ्याच कामासाठी येतात. त्यांचे पैसे गेलेले असतात. म्हणून मी विषय बदलून मागितला आणि तो मिळाला, याबद्दल आभार.

या सभागृहात टेल्कोवाल्यांची मुलं किती आहेत? बजाजची? एचएची? बघा, हात किती वर आले. एचए म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ साली पिंपरीत आली. मग एकेक करत टेल्को, बजाज, एसकेएफ, सँडविक आणि त्यांच्या मागून भोसरीच्या एमआयडीसीतली हजारो लहान शेडं. १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण झालं आणि आपल्या वडिलांच्या पिढीनं निगडीत प्लॉट घेऊन घरं बांधली. त्या घरांतून तुम्ही शिकून बाहेर पडलात. घरात आता दोन माणसं आहेत, एक स्मार्टफोन आहे आणि निवृत्तीच्या वेळी हातात आलेला फंड मुदत ठेवीत आहे. ईपीएस-९५ ही कामगारांची पेन्शन किती तुटपुंजी असते हे ज्यांच्या घरात येते त्यांना ठाऊक आहे. तिची किमान रक्कम महिना १,००० रुपये आहे. तेव्हा ती मुदत ठेव हेच त्या घराचं अन्न. आणि चोराला ते आपल्याइतकंच ठाऊक आहे.

एका काकांबद्दल सांगते. नाव, कंपनी, बँक काहीच सांगणार नाही. टूलरूममधला माणूस. मायक्रोमीटरवर एका शतांशाचा फरक पकडण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, असे. मोबाइलवर मेसेज आला की मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, अमुक अधिकाऱ्याला फोन करा. हा मेसेज महाराष्ट्रात २०२२ पासून फिरतो आहे. असे मेसेज आम्ही खासगी नंबरवरून पाठवत नाही, असं महावितरणनं वारंवार जाहीर केलेलं आहे. पण काकूंना दम्याचा त्रास, घरात नेब्युलायझर, आणि बाहेर मे महिना. त्यांनी फोन केला. समोरचा अतिशय नम्र. ‘सर, फक्त दहा रुपये भरा, म्हणजे सिस्टिममध्ये नोंद होईल.’ त्यासाठी एक ॲप घ्यायला लावलं. त्या ॲपनं मोबाइलचा पडदा तिकडे दिसू लागला. पुढच्या अर्ध्या तासात बसल्या जागी मुदत ठेव मोडली गेली, पैसे बचत खात्यात आले आणि बचत खात्यातून गेले.

ते माझ्याकडे आले चौथ्या दिवशी. प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक, ठेवीची पावती आणि वीजबिल भरल्याच्या गेल्या वर्षभराच्या सगळ्या पावत्या, तारखेप्रमाणे लावलेल्या. बिल थकलेलं नव्हतं हे ते मला पुन्हा पुन्हा दाखवत होते, जणू मीच वीज तोडायला आले होते. मोबाइल मागितला तर त्यात एकही मेसेज नाही. बँकेचे, चोराचे, सगळे पुसून टाकलेले. का? तर बायकोच्या नजरेला पडू नयेत. काकूंना त्यांनी सांगितलं होतं की पित्त झालंय, म्हणून जेवण जात नाही. आणि माझ्यासमोर अर्जावर सही करताना म्हणाले, ‘मॅडम, बाकी काय करायचं ते करा. अमेरिकेत मुलाला एवढं सांगू नका.’

मी आज इथं आले आहे ती या एका वाक्यासाठी. चोरानं घेतला अर्धा तास. त्यानंतरचे तीन दिवस घेतले ते लाजेनं. आणि पैसे परत मिळण्याच्या दृष्टीनं त्या अर्ध्या तासापेक्षा हे तीन दिवस जास्त महाग पडले.

ते का, हे समजायला पैसा जातो कसा ते बघू. तुमच्या खात्यातून निघालेली रक्कम थेट चोराच्या खात्यात जात नाही. ती आधी कोणातरी तिऱ्हाइताच्या खात्यात पडते, तिथून काही मिनिटांत तिचे तुकडे होऊन पाच-दहा खात्यांत, त्यांतून आणखी पुढे. शेवटी कुठंतरी एटीएममधून नोटा निघतात, नाहीतर त्याचं आभासी चलन होऊन पैसा देशाबाहेर जातो. पैसा बँकांच्या साखळीत फिरतो आहे तोवर तो अडवता येतो. ‘१९३०’ हा क्रमांक त्यासाठीच आहे. केंद्रीय गृहखात्याच्या या यंत्रणेला बँका जोडलेल्या आहेत. तक्रार नोंदली की ज्या खात्यात रक्कम पोचली असेल तिथं ती गोठवायचा निरोप जातो, त्या बँकेनं पुढं पाठवली असेल तर पुढच्या बँकेला. पोलीस पहिल्या तासाला ‘गोल्डन अवर’ म्हणतात. १९३० लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन हे राष्ट्रीय पोर्टल आहे, २०१९ पासूनचं. एकट्या २०२४ मध्ये देशातल्या लोकांचे २२,८४५ कोटी रुपये असे गेले, हा सरकारनंच लोकसभेत दिलेला आकडा. आदल्या वर्षी तो ७,४६५ कोटी होता.

आता मला सांगा, २२,८४५ कोटी गमावणारे सगळे मूर्ख होते का?

पुण्याची कॉसमॉस बँक १९०६ सालची. स्वतःचा संगणक विभाग, लेखापरीक्षक, सल्लागार, सगळं होतं. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. बँकेच्या एटीएम यंत्रणेत आधीच शिरलेल्या व्हायरसच्या जोरावर २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी बारा हजारांहून जास्त वेळा पैसे काढले गेले. १३ तारखेला बँकांमधल्या स्विफ्ट यंत्रणेतून खोटा संदेश पाठवून हाँगकाँगच्या एका बँकेत आणखी जवळपास चौदा कोटी गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. पुढे तपास झाला, हाँगकाँगमधली काही रक्कम परत आली, एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं ११ जणांना दोषी ठरवलं. 

कॉसमॉसच्या बाबतीत ‘तुमची अक्कल कुठं गेली होती’ असं कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. वर्तमानपत्रांनी लिहिलं ‘बँकेवर सायबर हल्ला’. टूलरूममधल्या काकांवर तोच हल्ला झाला तर घरात, सोसायटीत, पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न येतो, ‘ओटीपी कशाला दिला?’

यात आमच्या बँकवाल्यांचाही वाटा आहे. सावध राहा, सावध राहा असं सांगणारे फलक शाखेत ढीगभर. मध्यंतरी तर प्रत्येक फोनच्या आधी तेच ऐकावं लागे, रुग्णवाहिका बोलवायची असली तरी. या सगळ्या जनजागृतीचा सूर असा, की जो फसला त्याचंच लक्ष नव्हतं. फसल्यावर काय करायचं, कोणते हक्क आहेत, हे सांगणारा फलक कोपऱ्यात, बारीक अक्षरात आणि इंग्रजीत.

फोनवर बोलून लुबाडण्याची ही संहिता काही नवी नाही, हे तुम्हा परदेशातल्या लोकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असायला हवं. एप्रिल २००५ मध्ये पुण्यातल्या एमफॅसिसच्या कॉल सेंटरचं प्रकरण उघडकीला आलं. तिथल्या आजी-माजी कर्मचाऱ्यांनी सिटी बँकेच्या अमेरिकन खातेदारांशी गोड बोलून पिन काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यात खोट्या नावांनी उघडलेल्या खात्यांत वळवले, असा आरोप होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथं बसलेली पोरं अमेरिकन म्हाताऱ्यांना फोन करून सांगत होती, ‘आम्ही प्राप्तिकर खात्यातून बोलतोय, कर थकलाय, आत्ता भरला नाहीत तर अटक होईल.’ आज तुमच्या आईला ‘मी सीबीआयमधून बोलतोय, तुमच्या नावानं पार्सल सापडलंय, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही’ असा फोन येतो तो याच धाटणीचा. अशी ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्ट कायद्यात नाही, असं पंतप्रधानांना २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये सांगावं लागलं. म्हणजे ओहायोतल्या एखाद्या निवृत्त शिक्षकानं जे केलं तेच चिंचवडच्या एखाद्या निवृत्त शिक्षिकेनं केलं. घाबरलेलं माणूस जे करतं ते.

आणि माणसाचं नाव चोरणं? पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, तेव्हा आधार कार्ड नव्हतं. तो खोटा ठरल्यावरही, रत्नागिरीच्या कैदेतून सुटून १७७६ मध्ये त्यानं कोकणात मुलूख आणि माणसं गोळा केलीच, आणि त्याच वर्षी पुण्यात त्याला देहदंड झाला. भाऊ परत यावेत अशी लोकांची इच्छा होती, त्या इच्छेवर तो जगला. आजचा तोतया भीतीवर जगतो, एवढाच फरक.

आता चाकणला येऊ, कारण ओळख चोरीला जाण्याचं खरं रूप मी तिथं पाहिलं. चाकण म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर मर्सिडीज, फोक्सवॅगन, महिंद्रा, बजाजचे कारखाने येतात. मला आठवतात नाणेकरवाडी, खराबवाडी, महाळुंगे, कुरुळी इथल्या दहा बाय दहाच्या खोल्या, एका खोलीत चार-पाच पोरं. कोणी परभणीचा, कोणी लातूरचा, कोणी बिहारचा. कंत्राटदाराकडे कामाला लागायचं तर आधारची झेरॉक्स, खोली घ्यायची तर झेरॉक्स, सिमकार्डाला झेरॉक्स, गॅसला झेरॉक्स. झेरॉक्सच्या दुकानातून आपली ओळख वाटत फिरणाऱ्या या पोरांना आपण काय वाटतोय हे सांगणारं कोणी नसतं.

असाच एक पोरगा. हप्त्यानं मोटरसायकल घ्यायला शोरूमला गेला. तिथल्या मुलीनं पॅन नंबर टाकला, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, ‘भाऊ, तुमचं सिबिल खराब आहे. दोन लोन थकलेत.’ त्यानं आयुष्यात कर्ज काढलेलं नव्हतं. कर्ज काढलं होतं त्याच्या कागदांनी, मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपवरून. वसुलीवाल्यांचे फोन गावाकडे वडिलांना जात होते आणि वडील समजून चालले होते की पोरगं शहरात जाऊन बिघडलं. तो माझ्यासमोर बसून कर्जाबद्दल कमी बोलला. ‘मॅडम, बापाला पटवून द्या’ हेच त्याचं म्हणणं.

त्याला पटवून द्यायचा मार्ग कागदाचाच होता. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हायमार्क या चार कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो, २०१७ पासून. अहवालात कर्ज कोणत्या कंपनीचं, कोणत्या तारखेचं हे कळतं. मग पोलिसांत तक्रार, तिची प्रत जोडून कर्ज देणाऱ्या कंपनीला आणि पतमाहिती कंपनीला हरकतीचा अर्ज. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू झाला. हे सगळं त्याच्याबरोबर बसून केलं. रात्रपाळी करून सकाळी येणारं पोर, खुर्चीत डुलक्या घेत होतं.

याच पोरांच्या दुसऱ्या बाजूबद्दलही सांगायला हवं. चोराला पैसे फिरवायला खाती लागतात आणि ती खाती याच खोल्यांतून मिळतात. ‘तुझं खातं वापरायला दे, काही हजार देतो’, एवढंच. पासबुक, एटीएम कार्ड, सिम सगळं हवाली. काहींना खरंच कळत नाही, काहींना कळतं आणि गरज असते. मग एक दिवस खातं गोठतं, पगार अडकतो आणि दुसऱ्या राज्याचे पोलीस दारात उभे राहतात. काकांचे पैसे ज्या पहिल्या खात्यात गेले ते अशाच कोणाचं तरी होतं. मला त्या खातेदाराची कीव येते आणि रागही येतो.

चाकणच्या जमिनीवाल्यांसाठी एक वेगळी काळजी. खरेदीखतावर अंगठे असतात. दस्तांवरच्या ठशांवरून रबरी अंगठे बनवून आधारच्या जोरावर फसवणूक केल्याची प्रकरणं तेलंगण आणि हरियाणात पोलिसांनी पकडली आहेत. आधारचं बायोमेट्रिक कुलूप लावता येतं, हवं तेव्हा उघडता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. आणि झेरॉक्स द्यायचीच तर ‘मास्क्ड आधार’ द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आपल्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत हे २०२३ साली सुरू झालेल्या ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर दिसतं. तिथं आपलं नसलेलं सिम दिसलं तर तिथूनच कळवता येतं.

पुन्हा काकांकडे. मेसेज पुसलेले, तीन दिवस उलटलेले. मी त्यांना आधी चहा दिला आणि मग एक वही. बँकेतून खात्याचा उतारा मागवला, त्यात प्रत्येक व्यवहारापुढे यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळखक्रमांक असतो. तक्रारीला खरा आधार त्या क्रमांकाचा. १९३० वाले तोच विचारतात, रक्कम विचारतात, वेळ विचारतात. काकांनी स्वतःच्या हातानं, टूलरूमच्या सुबक अक्षरात, एकेक क्रमांक वहीत उतरवला. लिहिता लिहिता त्यांचा हात थांबला आणि म्हणाले, ‘हा बघा, हा मी “हो” म्हटल्यावर गेलेला.’ मग पुन्हा लिहायला लागले. काहीतरी काम हातात आल्यावर माणूस जरा सावरतो, हे मी त्या टेबलावर पाहिलं.

बँकेला अर्ज दिला आणि पोच घेतली. पोच घ्याच, शिक्क्यासकट. तोंडी सांगितलेलं बँकेत हवेत विरतं, हे मी इतकी वर्षं खिडकीच्या आत बसून पाहिलं आहे. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. त्यात म्हटलंय, चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, मधल्याच कुठल्या तरी भगदाडातून पैसे गेले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमचा तोटा शून्य. चार ते सात दिवसांत कळवलंत तर खात्याच्या प्रकाराप्रमाणे ठरावीक रकमेपर्यंतच तोटा. बँकेनं दहा कामकाजाच्या दिवसांत ती रक्कम तात्पुरती जमा दाखवायची आणि ९० दिवसांत तक्रार निकाली काढायची. ग्राहक दोषी आहे हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची. आणि जिथं ग्राहकानं स्वतः ओटीपी दिला तिथं तोटा ग्राहकाचा, पण कळवल्याच्या क्षणापर्यंतच. कळवल्यानंतर आणखी गेले तर ते बँकेचे. कळवण्याची वेळ किती महत्त्वाची, ते इथं पुन्हा दिसतं.

‘तुम्ही ओटीपी दिलात’ हे उत्तर मात्र शेवटचं समजू नका. पूना ऑटो ॲन्सिलरीज ही पुण्यातली वाहनांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. तिच्या व्यवस्थापकीय संचालकांनी फसव्या ईमेलला उत्तर दिलं आणि पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून ८० लाख १० हजार रुपये गेले. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली राज्याचे आयटी सचिव अशा तक्रारींवर न्यायनिर्णय देतात. तेव्हाचे सचिव राजेश अग्रवाल यांनी २०१३ साली काय म्हटलं? ईमेलला उत्तर देणाऱ्यानं जबाबदारीचा वाटा उचलावा. पण ज्या खात्यांत पैसे गेले ती खाती उघडताना बँकेनं नीट तपासणी केली नाही, म्हणून बँकेनं ४५ लाख रुपये द्यावेत. मला हा निकाल फार आवडतो. ‘तू चुकलास’ आणि ‘तुझं नुकसान झालं’ ही दोन वाक्यं त्यात एकमेकांना खोडत नाहीत. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका औषध कंपनीच्या प्रकरणात बँक ऑफ बडोदाला ७६ लाख ९० हजारांहून जास्त रक्कम परत करायला सांगितली, तेही २०१७ च्या त्याच परिपत्रकाच्या आधारानं. त्यात तर नवे लाभार्थी जोडताना खातेदाराकडे ओटीपी पोचलाच नव्हता. बँकेनं दाद दिली नाही तर ३० दिवसांनी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, वकील लागत नाही.

एक विरोधाभास जाता जाता. बँक बुडाली तर ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, २०२० पासून. पिंपरीच्या सेवा विकास बँकेचा परवाना ऑक्टोबर २०२२ मध्ये रद्द झाला तेव्हा बहुतेक ठेवीदार त्या विम्यात बसत होते. पण चांगल्या चालत्या बँकेतून तुमची ठेव चोरानं नेली तर हा विमा नाही. इंग्लंडमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून फसवून करून घेतलेल्या भरण्यालाही ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई द्यायची सक्ती बँकांवर आहे. तसं काही आपल्याकडे यायला हवं, असं माझं मत.

काकांना सगळे पैसे मिळाले का? नाही. एका खात्यात थोडी रक्कम गोठली होती, ती न्यायालयात अर्ज करून सुटली. बाकीचे गेले. त्यानंतर काही दिवसांनी त्यांना आणखी एक फोन आला, ‘तुमचे गेलेले पैसे काढून देतो, आधी फी भरा.’ फसलेल्यांची यादीही विकली जाते. या वेळी त्यांनी फोन ठेवला आणि मला कळवलं.

पण मी ज्याची वाट बघत होते ते मध्येच झालं होतं. त्यांनी काकूंना सांगितलं. काकू माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, ‘मला वाटलं यांना कॅन्सर झालाय आणि लपवतायत.’ पैसे गेल्याचं ऐकून त्यांना हायसं वाटलं होतं. नंतर राग आला, तो यायचाच. पण आधी हायसं वाटलं. घरात जे लपवलं जातं त्याच्या जागी घरचे नेहमी त्याहून भयंकर काहीतरी कल्पतात.

पुढचे काही आठवडे काका झोपत नव्हते. तोच फोन डोक्यात पुन्हा पुन्हा. इथं हे केलं असतं तर, तिथं ठेवला असता तर. भाजीवाल्याला यूपीआयनं द्यायचे तरी हात थरथरायचा. अशा वेळी आपण काय करतो? ‘जाऊ दे, पैशाचं काय एवढं’ म्हणतो. त्यांच्या लेखी ते पैसे नव्हते, कारखान्यातली तीस-पस्तीस वर्षं होती. ‘जाऊ दे’ म्हणू नका. ऐकून घ्या, तेच तेच चार वेळा सांगितलं तरी. तक्रारीचं काम दिवसातून ठरलेल्या एका तासात करायचं आणि वही मिटायची, असं मी सगळ्यांना सांगते. नाहीतर माणूस दिवसभर पोर्टलवर ‘स्थिती’ बघत बसतो. खाणं-झोप सुटली, जगायला नको असं बोलणं आलं, तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. सरकारचा, चोवीस तास, मराठीत बोलतात. ते ‘वेड्यांचं’ नाही, एवढं पटवायला मला वेळ लागतो. तुम्ही मुलांनी सांगितलंत तर लवकर पटेल.

आता तुमच्याशी थेट. तुमचं प्रेम मला माहीत आहे आणि तुमचा धाकही. हो, धाक. तुम्ही व्हिडिओ कॉलवर सांगता, ‘बाबा, कितीदा सांगितलं अनोळखी फोन घेऊ नका.’ पैसे गेल्याचं कळलं तर तुम्ही चिडाल, मग रडाल, मग विमानाचं तिकीट काढाल, आणि मग बाबांचा फोन, पासवर्ड, चेकबुक सगळं ताब्यात घ्याल. याच क्रमानं. चोरानं पैसे नेले, मुलानं उरलेला अधिकार नेला, ही भीती ‘मुलाला सांगू नका’च्या मागे असते. व्यवहार त्यांच्या हातात राहू द्या. फक्त रोजच्या खर्चाचं खातं वेगळं करा, त्यात थोडेच पैसे ठेवा, यूपीआयला तेच जोडा. मोठ्या ठेवी ऑनलाइन मोडता येणार नाहीत अशी सोय बँकेत मागा, आणि रोजच्या व्यवहाराची मर्यादा कमी करून घ्या. हे त्यांच्याबरोबर बसून करा, त्यांच्या मागे नको.

आणि स्वतःकडेही बघा. किती जणांचं भारतातलं एनआरओ खातं अजून जुन्या भारतीय मोबाइलला जोडलेलं आहे, जो तुम्ही वर्षानुवर्षं रिचार्ज केलेला नाही? तो नंबर बंद होऊन काही महिन्यांनी दुसऱ्याला मिळतो. तुमच्या बँकेचे मेसेज आज चिखलीतला कोणी अनोळखी माणूस वाचत असेल. प्राधिकरणातला बंद फ्लॅट, त्याच्या कागदांच्या झेरॉक्स कोणाकोणाकडे आहेत, कुणाला मुखत्यारपत्र दिलंय, तेही एकदा तपासा. वर्षातून एकदा तुमचा भारतातला पतअहवाल मागवा. अमेरिकेतला बघता, तसाच.

प्रश्नोत्तरं चहानंतर आहेत असं सचिवांनी सांगितलंय. त्याआधी एक विनंती. आज रात्री घरी फोन कराल तेव्हा हवामान आणि गुडघे विचारून झाल्यावर आई-बाबांना एवढं सांगा, की कधी पैसे गेले तर आधी १९३० ला फोन करा आणि लगेच दुसरा फोन मला. इथं रात्रीचे तीन वाजले असले तरी करा. कसे गेले, का दिलेत, हे मी विचारणार नाही. आणि हे सांगितलंत की तसंच वागा.